स्पर्धेचं पिस्तूल 'बनवतात' म्हणजे नक्की काय करतात?

पनवेलजवळच्या शिरढोणात पिस्तुलाचा विषय निघाला की बोलणं क्रांतिकारक वासुदेव बळवंतांवर जातंच. फडक्यांचा जन्म इथला, ४ नोव्हेंबर १८४५ चा, आणि आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. त्यामुळे गावातलं एखादं पोर पनवेलला पिस्तूल नेमबाजी शिकायला जातं असं कळलं की आधी चेष्टा होते आणि मग प्रश्न सुरू होतात. लायसन काढलं का? चाप हलका करून घेतला का? कस्टम आहे म्हणे, कुणाकडून बनवून घेतलं? चेष्टेला हरकत नाही, पण या प्रश्नांमागच्या समजुती बहुतेक चुकीच्या आहेत.

'कस्टम पिस्तूल' हा शब्द आपल्याकडे मोबाइलवरच्या अमेरिकी व्हिडिओंतून आला. तिकडे इप्सिक नावाचा नेमबाजीचा वेगळा प्रकार आहे. धावत, वळत, आडोशाआडून एकामागून एक लक्ष्यं टिपायची, आणि गुणांना वेळेने भागायचं. त्यासाठी कारागीर एकेक पिस्तूल सुटं करून पुन्हा जोडतात, नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारा तुकडा लावतात, वर लाल ठिपक्याची दुर्बीण बसवतात. ऑलिंपिकच्या पिस्तूल नेमबाजीत नियमच वेगळे. दुर्बीण नाही, लेझर नाही, आरसा नाही. साध्या उघड्या साइट, एक हात, एक पिस्तूल. दुसरा हात खिशात किंवा कमरेच्या पट्ट्यात.

मग बनवायला उरतं काय? मूठ. लोकांना हे पटत नाही, पण सगळी कारागिरी तिथेच आहे.

ऑस्ट्रिया, जर्मनी, इटली किंवा स्वित्झर्लंडहून आलेल्या पिस्तुलाला बहुधा अक्रोडाच्या लाकडाची मूठ असते, लहान-मध्यम-मोठी अशा मापांत, डावखुऱ्यांसाठी वेगळी. ती कुणाच्याच हाताला पुरती बसत नाही. नेमबाज डोळे मिटून पिस्तूल उचलतो, हात लक्ष्याकडे नेतो आणि डोळे उघडतो. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध दिसली तर मूठ बरोबर. डावीकडे सरकलेली दिसली की समजायचं, तळव्यात कुठेतरी लाकूड जास्त आहे किंवा कमी आहे. जास्त असेल तिथे पेन्सिलीने खूण करून कानस चालवायची. कमी असेल तिथे लाकडाची पुट्टी भरायची, ती ओली असताना मूठ नीट धरून हाताचा ठसा उमटवायचा, वाळली की पॉलिश पेपर मारायचा. पुन्हा डोळे मिटायचे. हे काम एका बैठकीत संपत नाही. ट्रिगरच्या बोटाला तर लाकडाचा स्पर्शही होता कामा नये, नाहीतर चाप ओढताना अख्खं पिस्तूल बाजूला ढकललं जातं. तळहाताखाली एक सरकणारी फळी असते, ती वरखाली करून हात टेकवायचा. मात्र मूठ मनगटाच्या मागे जाऊन आधार देत असेल तर ती नियमबाह्य. मनगट मोकळं दिसलंच पाहिजे.

बाकी सगळं नियमाने बांधलेलं. १० मीटर एअर पिस्तुलाचं वजन जास्तीत जास्त १,५०० ग्रॅम, आणि ते ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. २५ मीटरच्या .२२ पिस्तुलाला वजनाची मर्यादा १,४०० ग्रॅमची. स्पर्धेआधी तपासणीच्या टेबलावर ही पेटी खरोखर ठेवलेली असते.

चाप हलका केला की नेम सुधारतो, ही समजूत तिथेच गळून पडते. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम ओढ लागते, २५ मीटरच्या पिस्तुलाला १,००० ग्रॅम. नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवतात आणि पिस्तूल वर उचलतात; चाप सुटला तर पिस्तूल नापास. तीन प्रयत्न मिळतात. सामन्यानंतरही अचानक तपासणी होते आणि तिथे सापडलात तर बाद. ट्रिगर जुळवतात तो वेगळ्या अर्थाने. पहिला टप्पा किती लांब, दुसरा कुठे अडतो, पातं बोटाच्या कुठल्या पेरावर येतं, हे ठरवायचं असतं.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असला की अर्धी लढाई जिंकली, असंही ऐकू येतं. त्यालाही तेच ५०० ग्रॅम लागू. आणि पिस्तूल कितीही भारी असलं तरी ते बिघडू शकतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ च्या जुलैत नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर ऐन पात्रता फेरीत तुटला. दुरुस्तीत वेळ गेला, ६० गोळ्यांत ५७५ गुण झाले आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. दुसरं पिस्तूल का नाही घेतलं, असं लोक सहज विचारतात. नियमाने ते घेता येतं. पण वर सांगितलेली मूठ आठवा. दुसरं पिस्तूल ऐनवेळी हाती घेणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून परीक्षेचा पेपर लिहिणं.

हात स्थिर हवा, हा सगळ्यात चिवट गैरसमज. हात कुणाचाच स्थिर नसतो, ऑलिंपिक विजेत्याचाही नाही. हिशोबच करून बघा. दोन साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरू. हात आहे तसा सरळ एक मिलिमीटर सरकला, तर छर्रा लक्ष्यावरही मिलिमीटरभरच सरकतो. पण पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर तिरकी झाली, तर १० मीटरवर तीच चूक तीन सेंटिमीटरची होते. दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे दहाचा नेम थेट सातवर. म्हणून नेमबाज लक्ष्याकडे बघत नाही, पुढच्या साइटकडे बघतो. काळं वर्तुळ त्याला पुसटच दिसतं आणि दिसावंही तसंच. 'बघ नीट, काळ्याच्या मध्यावर धर' असा मागून सल्ला देणाऱ्या काकांना रेंजच्या बाहेर चहाला पाठवलेलं बरं.

एअर पिस्तूल म्हणजे जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीचा भाऊ, असं काहींना वाटतं; उलट काहींना वाटतं की हवेचा दाब वाढवला की नेम पक्का होतो. दोन्ही चूक. दाबलेल्या हवेच्या नळकांड्यातून प्रत्येक वेळी अगदी सारखी हवा सोडणं हे या यंत्राचं कसब. अर्ध्या ग्रॅमचा सपाट तोंडाचा छर्रा सेकंदाला साधारण दीडशे मीटर वेगाने जातो. ऊर्जा सहा ज्यूलच्या आसपास. वेग वाढवून कागदावर काही मिळत नाही. मात्र कुठल्या छर्‍याचा गट आपल्या नळीतून घट्ट येतो, हे पिस्तूल शिकंज्यात अडकवून तपासणारे खेळाडू आहेत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

आता लायसन. फडक्यांचं बंड १८७९ चं. आदल्याच वर्षी लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला होता आणि हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा ठरलं होतं. आजचा कायदा १९५९ चा आणि त्याखालचे नियम २०१६ चे. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा देऊन ते परवानाधारक विक्रेत्याकडून घेता येतं. .२२ ला मात्र परवाना हवाच. आणि घरी बसून पिस्तूल 'बनवणं' हा छंद भारतात नाही, तो गुन्हा आहे. मूठ तासा हवी तेवढी. बाकीच्याला हात लावायचा तर परवानाधारक कारागिराकडेच जायचं.

पॅरिसला २०२४ मध्ये तुर्कीचा युसुफ डिकेच मिश्र सांघिक एअर पिस्तुलात खिशात हात घालून रौप्य घेऊन गेला आणि 'काहीही साधनं न वापरता जिंकला' म्हणून जगभर गाजला. त्याच स्पर्धेत मनू भाकर आणि सरबज्योत सिंगने कांस्य मिळवलं होतं. डिकेचच्या हातातही स्पर्धेचंच पिस्तूल होतं. डोळ्यापुढची झापड आणि खास चष्मा ही सोय आहे, सक्ती नाही. जाड ताठ जॅकेट रायफलवाल्यांचं. पिस्तुलाला ते चालतच नाही. खिशातल्या हाताचं सांगायचं तर तो बहुतेकांचाच असतो.

हा खेळ आपल्याला परका आहे, असंही नाही. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं, नेमबाजीत असं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आणि शिरढोणच्या शेजारी पनवेलमध्ये ऑलिंपियन सुमा शिरूर यांच्या लक्ष्य क्लबने नेमबाज घडवले आहेत.

पालकांना एकच सांगणं. आयात केलेलं चांगलं एअर पिस्तूल लाखाच्या घरात जातं, ते पहिल्या महिन्यात घेऊ नका. क्लबच्या पिस्तुलावर पोराचा हात बसू द्या, वाढत्या वयात हाताचं माप बदलतं हेही लक्षात ठेवा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा रेंजवरून आल्यावर आधी हात साबणाने धुवायला लावा आणि मगच जेवायला वाढा.