मनगटावरचा कोणता आकडा मोजलेला, कोणता अंदाजाचा?

2017 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 60 जणांच्या मनगटांवर फिटनेस बँड आणि घड्याळे चढवून त्यांना ट्रेडमिलवर चालवले, पळवले आणि जागेवरच्या सायकलवर बसवले. सात कंपन्यांची सात उपकरणे तपासायची होती. खरेखोटे कळावे म्हणून छातीवर ईसीजीच्या तारा लावल्या होत्या. नाकातोंडावर मुखवटा होता. श्वासातून किती ऑक्सिजन खर्च झाला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला हे त्यातून मोजले जात होते, कारण शरीराने किती ऊर्जा जाळली हे त्यावरूनच नेमके कळते. हृदयाच्या ठोक्यांच्या बाबतीत सातपैकी सहा उपकरणांची चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत बरे ठरलेले उपकरणही सुमारे 27 टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी.

एकाच पट्ट्यातला एक आकडा भरवशाचा आणि दुसरा इतका बेभरवशाचा, हे कसे होते? याचे कारण समजून घेतल्याशिवाय दोन हजारांचा बँड आणि चाळीस हजारांचे घड्याळ यांची तुलना करण्यात अर्थ नाही. त्या प्रयोगातली मॉडेल्स आता जुनी झाली. कारण मात्र आजही तेच आहे.

मनगटाच्या बाजूने डोकावणारा हिरवा उजेड पाहा. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की त्वचेखालच्या केशवाहिन्यांत रक्त भरते आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. ठोका सरला की तो पुन्हा वाढतो. पट्ट्याच्या पोटाशी बसवलेला प्रकाशसंवेदक हा चढउतार टिपतो. या पद्धतीला फोटोप्लेथिस्मोग्राफी म्हणतात. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अल्रिक हर्ट्झमन यांनी 1930च्या दशकातच तिचा पाया घातला होता. छोटे, स्वस्त एलईडी आणि दिवसचे दिवस टिकणाऱ्या बॅटऱ्या आल्यावर ती मनगटावर मावली. तिच्या जोडीला असतो अ‍ॅक्सिलरोमीटर, म्हणजे हाताच्या हालचालीचा वेग आणि दिशा कशी बदलते ते ओळखणारी चिप. महागड्या उपकरणांत त्वचेचे तापमान मोजणारा सेन्सर आणि लाल व अवरक्त प्रकाशाने ऑक्सिजनचा अंदाज घेणारी सोयही असते.

पट्टा प्रत्यक्षात मोजतो ते जवळजवळ एवढेच. प्रकाश, हालचाल, तापमान. कॅलरी, झोपेचे टप्पे, ताण, ‘शरीराची तयारी’, हृदयाचे वय हे सगळे या दोन-तीन नोंदींवरून गणिताने काढलेले असते. मूळ नोंदीपासून आकडा जितका लांब, तितका त्याचा भरवसा कमी. उपकरणे शेजारी ठेवून पाहताना मला हा एकच निकष पुरेसा वाटतो.

ठोके हे मूळ नोंदीच्या अगदी जवळचे. तुम्ही खुर्चीत शांत बसला असाल किंवा झोपला असाल, तर आजचा कोणताही बऱ्यापैकी बँड नाडी नीट सांगतो. गडबड होते ती व्यायामात. ड्यूक विद्यापीठाने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हालचाल सुरू असताना चूक विश्रांतीपेक्षा सरासरी 30 टक्क्यांनी वाढलेली दिसली. पळताना हात लयीत हलतो, पट्टा त्वचेवर उचलला जातो, आत बाहेरचा उजेड शिरतो. मिनिटाला 160-170 पावले पडत असतील तर उपकरण कधी कधी पावलांची लयच नाडी समजून बसते. ठोके 140 असताना पडद्यावर 168 दिसते आणि धावणारा विनाकारण घाबरतो. वजने उचलताना वेगळी अडचण येते. मूठ आवळली की मनगटाजवळचे स्नायू ताणले जातात आणि रक्ताचा प्रवाह बदलतो. थंडीत त्वचेकडे जाणारे रक्त कमी होते, त्यामुळे पहाटेच्या पहिल्या दहा मिनिटांतले आकडे फारसे मनावर घेऊ नयेत. गोंदण असलेल्या जागी शाईच प्रकाश शोषून घेते. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, हलणार नाही इतका घट्ट बांधला तर यातल्या बऱ्याच चुका कमी होतात.

आपल्याकडच्या वाचकासाठी त्वचेच्या रंगाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मेलॅनिनही हिरवा प्रकाश शोषते. स्टॅनफर्डच्या प्रयोगात गडद त्वचेच्या व्यक्तींमध्ये चूक जास्त आढळली होती. ड्यूकने मुद्दाम सर्व वर्णांच्या व्यक्ती घेऊन तपासले, तेव्हा ठोक्यांच्या अचूकतेत त्वचेच्या रंगाने लक्षणीय फरक पडला नाही. रक्तातल्या ऑक्सिजनबाबत मात्र सावध राहायला हवे. अमेरिकेतल्या रुग्णालयांतले बोटाला लावायचे ऑक्सिमीटरसुद्धा कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची लपलेली कमतरता श्वेतवर्णीयांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा हुकवतात, असे 2020 मध्ये समोर आले. रुग्णालयातल्या यंत्राची ही कथा असेल, तर मनगटावरच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर कोणताही निर्णय घेऊ नये.

जे मनापासून धावतात, इंटरव्हल (आलटून पालटून जोरात आणि सावकाश) करतात, झोन (ठोक्यांचे ठरावीक टप्पे) पाहून सराव करतात, त्यांनी छातीचा पट्टा घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. तो प्रकाशाच्या भानगडीत पडत नाही, ईसीजीप्रमाणे हृदयाचे विद्युत संदेशच पकडतो. फिनलंडच्या पोलर कंपनीने असा बिनतारी पट्टा 1982 मध्ये बाजारात आणला. चाळीस वर्षे उलटली तरी व्यायामातल्या नाडीसाठी मनगटावरचे कुठलेही उपकरण त्याच्या पुढे गेलेले नाही. तो बहुतेक घड्याळांशी जोडता येतो आणि महागड्या घड्याळाच्या तुलनेत बराच स्वस्त पडतो. झोनबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 220 वजा वय हे कमाल ठोक्यांचे सूत्र सरासरीचे आहे. प्रत्येक माणसात ते दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे असू शकते. घड्याळ त्याच सूत्रावर झोन आखत असेल, तर नाडी अचूक मोजूनही सल्ला चुकीचा मिळेल.

आता कॅलरी. पट्ट्याला तुमचे वय, वजन, उंची, लिंग, नाडी आणि हालचाल ठाऊक असते. स्नायू किती आहेत, चालण्याची ढब किती काटकसरीची आहे, चहा किती प्यायला, उन्हाने नाडी किती वाढली हे ठाऊक नसते. चैत्र-वैशाखात तेच अंतर त्याच वेगाने चालले तरी ठोके जास्त पडतात आणि उपकरण ते जास्त श्रम म्हणून मांडू शकते. शिवाय काही कंपन्या दिवसाच्या आकड्यात नुसते जिवंत राहायला लागणारी ऊर्जाही धरतात, काही फक्त हालचालीची दाखवतात. त्यामुळे दोन मैत्रिणींनी आपापले आकडे ताडून पाहण्यात काही हशील नाही. बँडने 400 कॅलरी दाखवल्या म्हणून संध्याकाळी दोन वडापाव खाणे हा तर वजन वाढवण्याचा सरळ मार्ग आहे.

पावलांचे बरे असते. सपाट रस्त्यावर नेहमीच्या वेगाने चालताना ती बऱ्यापैकी बिनचूक मोजली जातात. पण मोजला जातो तो हात, पाय नव्हे. भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत असल्या, बाळाची गाडी ढकलत असलात किंवा काठी टेकत हळू चाललात तर पावले गळतात. पोळ्या लाटताना, कपडे धुताना न टाकलेली पावले जमा होऊ शकतात. राहिला प्रश्न दहा हजारांचा. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेलाच नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये, यामासा या जपानी कंपनीने ‘मान्पो-केई’ नावाचे पाऊलमापक विकायला काढले. त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचे मापक. तेच पुढे जगभर उद्दिष्ट होऊन बसले. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये सरासरी 72 वर्षांच्या सुमारे 16,700 स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. दिवसाला सुमारे 2,700 पावले टाकणाऱ्यांपेक्षा 4,400 टाकणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण 41 टक्क्यांनी कमी होते. साधारण 7,500 च्या पुढे फायदा वाढत गेला नाही. सांधे दुखत असताना दहा हजार पुरे करण्यासाठी रात्री घरातल्या घरात येरझाऱ्या घालणाऱ्या आजी-आजोबांना ही माहिती आवर्जून सांगायला हवी.

झोपेच्या बाबतीत तर मूळ नोंद आणि दाखवलेला आकडा यांच्यातले अंतर फारच मोठे आहे. झोपेचे टप्पे हे मेंदूचे काम. ते ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत पॉलिसोम्नोग्राफी करतात. डोक्यावर मेंदूच्या लहरींसाठी, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीवर इलेक्ट्रोड लावतात, आणि तज्ज्ञ रात्रभराच्या नोंदीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाला हलकी, गाढ किंवा आरईएम असे नाव देतो. आरईएम म्हणजे बंद पापण्यांआड डोळे वेगाने फिरतात ती, ठळक स्वप्नांची झोप. शिकागो विद्यापीठातल्या आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ती 1953 मध्ये जगापुढे आणली. हे काम इतके नाजूक आहे की एकच नोंद दोन प्रशिक्षित माणसांना दिली तरी त्यांचे साधारण 80 ते 85 टक्के तुकड्यांवरच एकमत होते. मनगटावरच्या पट्ट्याला मेंदूच्या लहरी दिसतच नाहीत. नाडीचा वेग, दोन ठोक्यांमधल्या अंतरातला कमीजास्तपणा आणि हाताची निश्चलता यांवरून तो टप्पा ताडतो.

त्यामुळे चुकाही ठरावीक तऱ्हेच्या होतात. सॅन दिएगोच्या नौदल आरोग्य संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी मनगटी बँड आणि उशाशी किंवा गादीखाली ठेवायची साधने मिळून सात उपकरणे 34 निरोगी तरुणांवर तपासली. 2021 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. झोप ओळखण्यात सगळ्यांनाच 93 टक्के किंवा जास्त गुण मिळाले. जागेपण ओळखण्यात मात्र हे प्रमाण 18 ते 54 टक्के इतकेच होते. बिछान्यात निश्चल पडून पंख्याकडे बघत राहिलेला माणूस पट्ट्याच्या लेखी झोपलेलाच असतो. म्हणजे ज्याला निद्रानाश आहे, त्याचीच झोप बँड सर्वांत जास्त फुगवून सांगतो. ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. दुसरी मोठी तुलना 2024 ची, बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधली. औरा अंगठी, फिटबिट आणि अ‍ॅपल वॉच अशी तिरंगी लढत. तिन्ही उपकरणांनी झोप-जाग हा ढोबळ फरक चांगला ओळखला. टप्प्यांमध्ये अंगठी सरस ठरली. अ‍ॅपलच्या घड्याळाने गाढ झोप सरासरी 43 मिनिटांनी कमी दाखवली, फिटबिटने 15 मिनिटांनी. या अभ्यासाला औरा कंपनीचाच पैसा होता, हे वाचताना लक्षात असू द्यावे. तरी अंगठीला एक नैसर्गिक सोय आहेच. बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला रक्तवाहिन्या भरपूर असतात, संकेत ठळक मिळतो, आणि झोपेत ती मनगटावरच्या घड्याळासारखी बोचत नाही. जिममध्ये डंबेल धरताना मात्र तिचीच अडचण होते.

आता प्रश्न असा, की गाढ झोप 52 मिनिटे की 95 हे कळून करायचे काय? जाणूनबुजून गाढ झोप वाढवण्याचे कोणतेही बटण आपल्याकडे नाही. उलट 2017 मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले, जे बँडचा झोपेचा गुणांक सुधारण्याच्या नादात जास्त वेळ अंथरुणात पडून राहत, चिंता करत आणि आणखी कमी झोपत. त्यांनी याला ‘ऑर्थोसोम्निया’ हे नाव दिले. बँडच्या झोपेच्या पानावरून दोनच गोष्टी घ्याव्यात असे मला वाटते: अंथरुणाला पाठ टेकल्याची व उठल्याची वेळ, आणि झोपेतली किमान नाडी. या दोन्ही मूळ नोंदीच्या जवळच्या आहेत. रोजची वेळ किती सरकते आहे हे महिन्याभरात स्वच्छ दिसते. विश्रांतीची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर गेली तर ताप येऊ घातला आहे, दारू झाली आहे किंवा व्यायाम अति झाला आहे, असा अंदाज बांधता येतो. मोठ्याने घोरणे, श्वास अडकून दचकून उठणे, दिवसा पेंग येणे ही लक्षणे असतील तर पट्ट्याने 88 गुण दिले तरी डॉक्टरांकडे जावे. सॅमसंग आणि अ‍ॅपलच्या घड्याळांतल्या स्लीप अ‍ॅप्नियाच्या (झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या) सूचनेला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने 2024 मध्ये मान्यता दिली. ती संशय दाखवणारी सूचना आहे, निदानासाठी डॉक्टरांनी सुचवलेली झोपेची चाचणीच लागते.

याच एफडीएने त्याच वर्षी फेब्रुवारीत आणखी एक इशारा दिला होता: सुई न टोचता रक्तातली साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. आयसीएमआरच्या 2023 च्या अंदाजानुसार भारतात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आहेत, आणि असे दावे करणारी घड्याळे आपल्याकडे ऑनलाइन सहज मिळतात. अशा घड्याळाच्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवणे जिवावर बेतू शकते. नातेवाइकांना भेट म्हणूनही ते देऊ नये.

बँड घेऊन उपयोग होतो का? पिट्सबर्ग विद्यापीठाच्या चाचणीत 471 जणांना दोन वर्षे पाहिले. नेहमीच्या मार्गदर्शनावर राहिलेल्यांचे वजन 5.9 किलोंनी उतरले, मार्गदर्शनाला बँडची जोड मिळालेल्यांचे 3.5 किलोंनी. पण 2022 मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आलेल्या व्यापक आढाव्यात असे आढळले की बँड घालणारे दिवसाला सरासरी 1,800 पावले जास्त चालतात. वजनासाठी तो मोठा आधार नाही, चालायला उठवण्यासाठी आहे. त्या कामाला साधा, हलका, आठवडाभर चार्जिंग न मागणारा बँड पुरतो.

घेतल्यावर तो घरीच तपासता येतो. शांत बसून मनगटावर बोटे ठेवा, पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा. मग तीन जिने चढून लगेच 15 सेकंद मोजा, चारने गुणा. ओळखीच्या रस्त्यावर मनात 500 पावले मोजत चाला, एकदा हात मोकळे ठेवून, एकदा पिशवी घेऊन. विश्रांतीतला फरक चार-पाच ठोक्यांच्या वर असेल तर पट्टा सरकवून, घट्ट करून पुन्हा पाहा. तरीही तसाच राहिला तर परतीची मुदत संपण्याआधी तो बदलून घ्या.