बोईपाड्यातील जुनी पुस्तके

कोलकाता शहरातील कॉलेज स्ट्रीट हा रस्ता जेमतेम एक किलोमीटर लांबीचा आहे. बहूबाजारकडून महात्मा गांधी मार्गाकडे चालत निघाले, की वैद्यकीय महाविद्यालय, कोलकाता विद्यापीठ आणि प्रेसिडेन्सी या संस्था एकामागून एक लागतात. त्यांच्या कुंपणांना टेकून लाकूड, पत्रा आणि ताडपत्री यांची लहान लहान दुकाने उभी आहेत. दुकानदार कसाबसा मावेल एवढीच जागा. बाकी सारी पुस्तके. बंगाली लोक या भागाला ‘बोईपाडा’ म्हणतात. बोई म्हणजे पुस्तक आणि पाडा म्हणजे वस्ती. पुण्याचा अप्पा बळवंत चौक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या दृश्याची थोडीफार कल्पना करता येईल.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, की येथे विद्यार्थ्यांची झुंबड उडते. त्यांपैकी पुष्कळजण जिल्ह्यांतील गावांहून लोकलने आलेले असतात. प्रवेशाचे शुल्क भरले, राहण्याची सोय झाली, आणि मग हातात पुस्तकांची यादी पडते. शुल्काचा आकडा आधी ठाऊक असतो. पुस्तकांचा खर्च मात्र बहुधा हिशेबात धरलेला नसतो. अशा वेळी घरी पुन्हा पैसे मागावे, की पुस्तकावाचूनच वर्ष काढावे, असा पेच विद्यार्थ्यापुढे उभा राहतो.

हा प्रश्न आजचा नाही. १८१७ साली कोलकात्यात हिंदू कॉलेज सुरू झाले आणि त्याच वर्षी ‘कलकत्ता स्कूल बुक सोसायटी’ ही संस्था स्थापन झाली. शाळांसाठी उपयुक्त पुस्तके तयार करावीत आणि ती स्वस्त दराने किंवा विनामूल्य पुरवावीत, हा तिचा उद्देश होता. मुंबईतही १८२२ साली अशीच मंडळी स्थापन झाली. पुढे बाळशास्त्री जांभेकरांनी तिचे काम पाहिले. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी तर १८४७ मध्ये मदनमोहन तर्कालंकार यांच्यासह स्वतःचा छापखानाच काढला आणि पुस्तकविक्रीची व्यवस्था उभी केली. शाळा काढल्याने शिक्षण मिळत नाही, पुस्तक हाती पडावे लागते, ही गोष्ट त्या पिढीने नेमकी ओळखली होती.

स्वातंत्र्यानंतर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही काळ परदेशी साहाय्याचा आधार मिळाला. ब्रिटिश सरकारच्या अर्थसाहाय्याने ‘ईएलबीएस’ या मालिकेतील वैद्यक, अभियांत्रिकी इत्यादी विषयांची पुस्तके मूळ किमतीहून पुष्कळ कमी किमतीत येत असत. सोव्हिएत संघातील ‘मीर’ प्रकाशनाची गणित व भौतिकशास्त्राची पुस्तके त्याहूनही स्वस्त. बोईपाड्यातील ‘मनीषा ग्रंथालय’ या दुकानात ती मिळत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि १९९७ मध्ये ब्रिटिश मालिकाही बंद झाली. दुसऱ्या देशाच्या धोरणावर उभी राहिलेली स्वस्ताई त्या धोरणाबरोबरच संपली. केंद्र शासनाच्या साहाय्याने राज्यांतही विद्यापीठीय पुस्तकांसाठी मंडळे निघाली. पश्चिम बंगालमध्ये राज्य पुस्तक पर्षद आणि महाराष्ट्रात नागपूरचे विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ ही त्यांतलीच होत.

मग आजचा विद्यार्थी काय करतो? येथे जुन्या पुस्तकांच्या व्यवहाराकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. समजा, एका पुस्तकाची छापील किंमत ६०० रुपये आहे. विद्यार्थ्याने घासाघीस करून जुनी प्रत ३०० रुपयांना घेतली. परीक्षा आटोपल्यावर त्याच दुकानदाराने ती १८० रुपयांना परत घेतली. म्हणजे वर्षभराच्या वापराचा खर्च १२० रुपये झाला. पुढच्या वर्षी तीच प्रत तिसऱ्या विद्यार्थ्याकडे जाईल. पुस्तकाची छापील किंमत कोणीही कमी केलेली नाही. ती अनेकांत विभागली गेली आहे. एका अर्थाने येथे पुस्तके विकली जातात म्हणण्यापेक्षा भाड्याने दिली जातात, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

ही साखळी नाजूक असते. २०१८ मध्ये कोलकाता विद्यापीठाने कला व विज्ञान शाखांच्या पदवी अभ्यासक्रमांना सत्रपद्धती लागू केली. २०२३ मध्ये चार वर्षांचा नवा आराखडा आला. अभ्यासक्रम काळाप्रमाणे बदललाच पाहिजे, यात वाद नाही. परंतु पाठ्यक्रमातील प्रकरणे इकडची तिकडे झाली, की विद्यार्थी जुनी प्रत घेण्यास कचरतो, दुकानदार ती परत घेत नाही आणि पुस्तक रद्दीत जाते. काही वेळा प्रकाशक दोनचार पाने बदलून ‘नवी आवृत्ती’ काढतात. तेव्हा मात्र ज्ञान किती बदलले आणि किंमत किती बदलली, हे ग्राहकाने पडताळून पाहावे.

निसर्गाचा घालाही या साखळीवर पडतो. २०२० साली टाळेबंदीमुळे दुकाने बंद असतानाच २० मे रोजी अंफन चक्रीवादळ कोलकात्यावर आदळले. कॉलेज स्ट्रीट जलमय झाला आणि असंख्य पुस्तके पाण्यावर तरंगू लागली. त्यानंतर विक्रेत्यांच्या मदतीसाठी वर्गणी गोळा झाली, तीत विद्यार्थी व माजी विद्यार्थीही पुढे होते.

ज्यांना जुने पुस्तकही परवडत नाही, ते झेरॉक्सच्या दुकानाकडे वळतात. हे कायदेशीर आहे काय? २०१२ मध्ये तीन मोठ्या परदेशी प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठ व तेथील एका झेरॉक्स दुकानाविरुद्ध दावा लावला. शिक्षकांनी नेमलेल्या पुस्तकांतील निवडक भाग एकत्र करून विद्यार्थ्यांना दिले जात, हा आक्षेप होता. भारतीय कॉपीराइट कायदा शिक्षक वा विद्यार्थी यांना अध्यापनाच्या ओघात प्रत करण्यास मुभा देतो. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासण्यास पाठविले, तरी शिक्षणासाठीच्या या सवलतीचे तत्त्व कायम ठेवले. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. मात्र संपूर्ण पुस्तक छापून चोरून विकणे हा निराळा प्रकार आहे. त्यात लेखकाचे मानधन बुडते, आणि बुडणारा लेखक अनेकदा आपल्याच महाविद्यालयातील शिक्षक असतो.

ग्रंथालयांच्या पुस्तकपेढ्या हा आणखी एक मार्ग. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाने काढलेल्या पुस्तकपेढी योजनेत दोघांनी मिळून एक संच वापरावा आणि त्या संचाचे आयुष्य तीन वर्षांचे धरावे, असा नियम होता. बोईपाड्यातील दुकानदार जे व्यवहाराने करतो, तेच येथे नियमाने केले होते.

अलीकडे आयआयटी खरगपूरने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयामुळे पुष्कळ साहित्य भ्रमणध्वनीवर विनामूल्य वाचता येते. विकत घेतलेल्या डिजिटल पुस्तकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. परीक्षा संपल्यावर ते घेऊन कोणत्याही दुकानासमोर उभे राहिले, तरी त्याचे १८० रुपये कोणी हातावर ठेवत नाही.