अंतरालांची तुलना आणि पिकाची निवड

परभणी जिल्ह्यातील बरीचशी शेती पावसावर अवलंबून आहे. त्यामुळे एकरी निव्वळ उत्पन्न पेरणीच्या वेळी एका आकड्यात सांगता येत नाही. ते अमुक दोन सीमांच्या दरम्यान राहील, एवढेच म्हणता येते. अशा दोन सीमा व त्यांमधील सर्व संख्या मिळून अंतराल होतो. दोन भिन्न संख्यांपैकी मोठी कोणती हे नेहमीच ठरविता येते. अंतरालांचे तसे नाही.

उदाहरणादाखल, सलग सोयाबीनचे एकरी उत्पन्न क = [४, २०] आणि सोयाबीन-तूर आंतरपिकाचे ख = [९, १३] हजार रुपये मानू. रॅमन मूर यांच्या १९६६ सालच्या ग्रंथातील क्रमानुसार, एका अंतरालाची वरची सीमा दुसऱ्याच्या खालच्या सीमेहून कमी असेल तरच पहिला लहान ठरतो. येथे ख हा क मध्येच सामावलेला असल्याने ही कसोटी मौन पाळते. इशिबुची व तानाका यांनी १९९० साली मध्य आणि अर्धरुंदी यांवर आधारलेला क्रम मांडला: ज्याचा मध्य मोठा व रुंदी कमी, तो श्रेष्ठ. परंतु क चा मध्य १२ व अर्धरुंदी ८, तर ख चा मध्य ११ व अर्धरुंदी २. म्हणून येथेही निर्णय होत नाही. सेनगुप्ता व पाल यांनी २००० साली मध्यांतील फरकास अर्धरुंद्यांच्या बेरजेने भागून स्वीकार्यतेचा निर्देशांक काढला. तो १ ÷ १० = ०.१ येतो; म्हणजे क सरस खरा, पण नाममात्र.

हुर्विच यांच्या १९५१ सालच्या निकषात आशावादाचा गुणक α घेतात. त्याप्रमाणे क चे मूल्य ४ + १६α आणि ख चे ९ + ४α होते. α हा ५/१२ हून कमी असल्यास ख, अधिक असल्यास क श्रेयस्कर ठरतो.

यावरून दिसते की, परस्परांत सामावलेल्या अंतरालांचा क्रम केवळ आकड्यांतून निष्पन्न होत नाही. धोका पत्करण्याची निर्णयकर्त्याची कुवत त्यात मिळवावी लागते. ज्याला हंगामाअखेर एकरी ८ हजारांचे देणे फेडावयाचे आहे, त्याला ख मध्ये निश्चिती आहे, क मध्ये नाही. सरासरी पाहणाऱ्यास हा भेद दिसतच नाही. म्हणून पिकाची शिफारस करताना दोन्ही सीमा आणि वापरलेला निकष यांचा स्पष्ट निर्देश करणे अगत्याचे होय.