पाण्याचा हिशेब आणि ‘स्काडा’ यंत्रणा

उपसा जलसिंचन योजनेचे पाणी नदीतून उचलावे लागते, विजेचा खर्च सोसून उंचावर चढवावे लागते आणि मग पाळीपाळीने शिवारात पोहोचवावे लागते. अशा पाण्याचा प्रत्येक घनमीटर मोलाचा होय. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्यासंबंधीच्या महाराष्ट्राच्या 2005 च्या अधिनियमाने पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याचे तत्त्व स्वीकारले. तेव्हापासून मोजणीस विशेष महत्त्व आले आहे. काही योजनांवर हे काम ‘स्काडा’कडे सोपविले जाते. दूरच्या यंत्रांवर देखरेख ठेवून त्यांची माहिती एका ठिकाणी गोळा करणारी संगणकीय व्यवस्था म्हणजे स्काडा.

एक अनुभव

गेल्या उन्हाळी हंगामात एका संस्थेच्या शेवटच्या फाट्यावरील शेतकऱ्यांनी पाणी आले नसल्याची तक्रार केली. भुईमूग ऐन आऱ्या धरण्याच्या अवस्थेत होता. कार्यालयातील पडद्यावर मात्र त्या फाट्यावर ताशी 180 घनमीटर प्रवाह दिसत होता. साहजिकच शेतकऱ्यांवर अविश्वास दाखविला गेला. प्रत्यक्ष पाहणी करता, पंप बंद पडण्यापूर्वीच प्रवाहमापकाची तार तुटलेली आढळली. यंत्राकडून उत्तर येईना, आणि स्काडा शेवटचा आकडाच दाखवीत राहिला. पाच तासांत 900 घनमीटर पाणी शेतकऱ्यांच्या नावे पडले. एका हेक्टरावर 9 सेंटिमीटर खोल उभे राहील, इतके हे पाणी! दोष यंत्राचा नव्हता. नोंदीची मांडणी करतानाच चूक राहून गेली होती. ती टाळण्यासाठी पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

1. पत्ता व वेग. शिवारातील बहुतेक मापनयंत्रे ‘मॉडबस’ या संदेशपद्धतीने बोलतात. मॉडिकॉन कंपनीने ती 1979 साली प्रचारात आणली. एका तारेवरील प्रत्येक यंत्रास 1 ते 247 यांपैकी स्वतंत्र क्रमांक द्यावा. दोन यंत्रांस एकच क्रमांक दिल्यास दोघांची उत्तरे एकमेकांत मिसळतात. संदेशाचा वेग, उदाहरणार्थ सेकंदास 9600 बिट, सर्व यंत्रांवर सारखाच ठेवावा. आर.एस. 485 प्रकारची तार सुमारे 1200 मीटरपर्यंत चालते. तिच्या दोन्ही टोकांस 120 ओहमचा रोध बसवावा.

2. रजिस्टर. यंत्रातील प्रत्येक माप एका ठरावीक कप्प्यात असते. त्यास रजिस्टर म्हणतात. पुस्तिकेत 40001 असा लिहिलेला कप्पा प्रत्यक्ष संदेशात 0 क्रमांकाने मागितला जातो. या एका अंकाच्या फरकाने प्रवाहाऐवजी भलतेच माप वाचले जाते. एका रजिस्टरात 65,535 पर्यंतचीच पूर्ण संख्या मावते. म्हणून मोठी संख्या दोन रजिस्टरांत विभागलेली असते. त्यांचा क्रम उलटा लागला, तर पडद्यावर असंभाव्य आकडे दिसू लागतात.

3. प्रमाण. काही मापके 4 ते 20 मिलिॲम्पिअर प्रवाहाच्या रूपाने माप पाठवितात. मापकाची मर्यादा ताशी 500 घनमीटर असल्यास 4 म्हणजे शून्य, 12 म्हणजे 250 आणि 20 म्हणजे 500 घनमीटर होय. शून्य मापासाठी 4 योजण्यात मोठे शहाणपण आहे. तार तुटली की प्रवाह 4 च्याही खाली जातो, आणि ‘पाणी नाही’ व ‘तार नाही’ यांतील भेद कळतो. 3.6 च्या खालील वाचन बिघाड म्हणूनच नोंदले जाईल, अशी योजना करावी.

4. विचारणेचा कालावधी. टाकीतील पातळी सावकाश बदलते. ती मिनिटातून एकदा विचारली तरी पुरे. पंपाचा विद्युत्‌प्रवाह मात्र काही सेकंदांनी पाहावा. सर्वच मापे अतिशीघ्र विचारल्यास तारेवर गर्दी होऊन उत्तरे चुकतात.

5. मौनाची नोंद. ही बाब सर्वांत महत्त्वाची. लागोपाठ तीन विचारणांस उत्तर न आल्यास आकडा ‘अविश्वसनीय’ ठरून त्याचा रंग बदलला पाहिजे, आणि त्या काळातील बेरीज थांबली पाहिजे. आकारणी पडद्यावरील प्रवाहावरून न करता मापकाच्या स्वतःच्या एकूण बेरजेवरून करावी. तार तुटली तरी, मापकास वीज मिळत असेपर्यंत, ती बेरीज खरी राहते.

शेतावरील पडताळा

मांडणी पूर्ण झाल्यावर तिचा पडताळा पाण्यानेच घ्यावा. 10 मीटर लांब व 10 मीटर रुंद उभ्या भिंतींच्या टाकीचा निकास बंद करून पाणी सोडावे. सहा मिनिटांत पातळी 25 सेंटिमीटर चढल्यास 25 घनमीटर पाणी आले, म्हणजेच ताशी 250 घनमीटर. पडद्यावरही तेवढाच आकडा दिसावयास हवा. हा प्रयोग हंगामापूर्वी सभासदांच्या समक्ष करून त्याची नोंद संस्थेच्या वहीत ठेवावी. त्यानंतर एकेका मापकाची तार मुद्दाम सोडवून पडदा बिघाड दाखवितो की नाही, हेही पाहावे.

वरील संस्थेने चूक मान्य करून ते 900 घनमीटर आकारणीतून वगळले आणि शेवटच्या फाट्यास पुढील पाळी प्रथम दिली. पिकाचे नुकसान मात्र भरून आले नाही. यंत्र पाटकऱ्याचे श्रम वाचविते, पण त्याची जागा घेत नाही. पडदा एक सांगत असेल आणि शेताच्या शेवटच्या सरीतील माती दुसरेच सांगत असेल, तर आधी सरीपर्यंत चालत जावे व मगच निर्णय द्यावा.