सिंहाचे आकारमापन

सिंहाचे आकारमापन : वन्य प्रौढ नर सिंहाची लांबी, उंची, छातीचा घेर, कवटी व वजन यांवरून त्याचा आकार ठरविणे आणि त्या मापांच्या आधारे दोन प्राण्यांची किंवा दोन प्रदेशांतील समूहांची तुलना करणे, यास सिंहाचे आकारमापन म्हणता येईल. शिकारीची नोंदपुस्तके, प्राण्यांचे वर्गीकरण, भूल देण्याच्या औषधाची मात्रा आणि शिकारीच्या परवान्यांतील वयाची अट ह्या सर्व ठिकाणी ही मापे उपयोगात येतात. मात्र निरनिराळ्या ग्रंथांतून आढळणाऱ्या आकड्यांपैकी फारच थोडे आकडे एकमेकांशी जसेच्या तसे ताडून पाहता येतात.

प्रौढ नराच्या डोके व धड यांची मिळून लांबी सामान्यतः १८४–२०८ सेंमी. असते, शेपटी आणखी ८२–९४ सेंमी. भरते. खांद्यापाशी उंची सु. १–१·२ मी. असते. सरासरी वजन आफ्रिकेच्या दक्षिण भागात सु. १८७ किग्रॅ. व पूर्व आफ्रिकेत सु. १७५ किग्रॅ. असून गुजरातमधील गीरच्या नरांचे वजन १६०–१९० किग्रॅ. दिले जाते. आफ्रिकेतील दोन सरासरींत सु. १२ किग्रॅ.चा फरक आहे. भुकेलेला प्रौढ नर एका वेळी ३० किग्रॅ. किंवा त्याहूनही अधिक मांस खाऊ शकतो, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे ह्या फरकाचे खरे मोल कळते. रिकाम्या पोटी तोललेला दक्षिणेकडील सिंह आणि भरपेट खाऊन पडलेला पूर्वेकडील सिंह शेजारी ठेवल्यास निष्कर्ष सहज उलटा होऊ शकेल.

वजन : जिवंत सिंहाला भुलीचे औषध देऊन, जाळीत किंवा झोळीत घालून तिकाटण्याला अथवा झाडाच्या फांदीला टांगलेल्या काट्यावर तोलतात. अडचण तोलण्यात नसून पकडण्यात आहे. सिंहांना जवळ आणण्यासाठी बहुधा मांसाचे आमिष ठेवावे लागते. त्यामुळे औषधाचा बाण लागेपर्यंत प्राण्याने बरेच मांस खाल्लेले असते. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९७०–८० ह्या दशकात जी. एल्. स्मट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या संख्येने सिंह पकडले. तेथे काही सिंहांची संख्यानियंत्रणासाठी हत्या झाल्याने जठरातील मांस वेगळे काढून तोलणे व ते एकूण वजनातून वजा करणे शक्य झाले. वन्य सिंहाच्या वाढीविषयीची विश्वसनीय माहिती प्रामुख्याने ह्याच कामातून मिळाली आहे. जेथे प्राणी जिवंत सोडावयाचा असतो, तेथे सेरेंगेटीतील अभ्यासकांप्रमाणे पोटाच्या फुगवट्यास श्रेणी देऊन अदमासे वजावट करता येते.

विक्रमी वजनांबाबत अधिक सावधगिरी बाळगावी लागते. १९३६ साली ट्रान्सव्हालमधील हेक्टरस्प्रूटजवळ मारलेल्या एका नराचे ३१३ किग्रॅ. वजन वारंवार उद्धृत केले जाते. केन्या पर्वताजवळील एका नराची २७२ किग्रॅ. अशी नोंद आहे. हा दुसरा प्राणी पूर्व आफ्रिकेतील, म्हणजे ज्या प्रदेशाची सरासरी कमी त्याच प्रदेशातील, हे विशेष होय. एखाद्या समूहातील सर्वांत मोठ्या प्राण्यावरून त्या समूहाविषयी काहीच सिद्ध होत नाही. शिवाय शिकारी मोठाच प्राणी निवडतो, हेही विसरून चालत नाही. प्राणिसंग्रहालयातील लठ्ठ नरांची वजने तर ह्या तुलनेत मुळीच घेऊ नयेत.

लांबी व उंची : लांबी मोजण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिलीत मृत प्राणी सरळ लांबविला जातो, नाकाच्या टोकाशी व शेपटीच्या अखेरच्या हाडाशी खुंट्या ठोकून त्यांमधील सरळ अंतर घेतात. दुसरीत मोजपट्टी डोके, मान व पाठ यांच्या उंचसखल भागांवरून नेतात. दुसऱ्या रीतीने लांबी काही सेंमी.नी वाढते आणि पट्टी किती दाबून धरली यावर ती अवलंबून राहते. पूर्वीच्या शिकारवृत्तांतांत रीतीचा उल्लेख नसतो आणि शेपटी धरली की नाही हेही कित्येकदा कळत नाही. सोललेले कातडे ताणून मोजले असेल, तर तो आकडा सोडूनच द्यावा.

केन्यातील त्साव्हो येथे १८९८ साली रेल्वेच्या मजुरांना मारून खाणाऱ्या दोन सिंहांचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांना मारणारे जॉन हेन्री पॅटरसन यांनी त्यांची लांबी शेपटीसह ९ फुट ८ इंच (सु. २९५ सेंमी.) व ९ फुट ६ इंच (सु. २९० सेंमी.) अशी दिली आहे. कातडी सु. पंचवीस वर्षे गालिचे म्हणून वापरात होती. १९२४ मध्ये ती शिकागोच्या फील्ड संग्रहालयाने विकत घेतली. मूळ कातडी कापली गेल्यामुळे भुसा भरून उभे केलेले नमुने जिवंत प्राण्यांपेक्षा लहान झाले. संग्रहालयात ते पाहणाऱ्यास पॅटरसन यांचा आकडा अतिशयोक्त वाटण्याचा संभव असतो. वास्तविक ह्या नमुन्यांवरून त्याची परीक्षाच होऊ शकत नाही.

आडव्या पडलेल्या प्राण्याचा पाय ताणून घेतलेली उंची उभ्या प्राण्याच्या उंचीपेक्षा जास्त येते, कारण उभे असताना शरीराच्या भाराने सांधे किंचित वाकतात. कवटीचे माप अधिक भरवशाचे असते. रोलंड वॉर्ड यांच्या नोंदपुस्तकात सिंहाची प्रत कवटीची लांबी व रुंदी यांच्या बेरजेवरून लावतात. तथापि कवटी वाळताना थोडी आक्रसते आणि मोठ्या कवटीचे धडही तितकेच भारी असते असे नाही.

दृष्टीने अंदाज : शरीराची ठेवण तीच राहिली, तर वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. लांबीच्या अंदाजात १० टक्के चूक झाली, तर वजनात सु. ३३ टक्के चूक होते, १८० किग्रॅ.चा नर त्यामुळे २४० किग्रॅ.चा ठरतो. छायाचित्रात कॅमेऱ्याकडे तोंड केलेल्या सिंहाचे डोके व पंजे अवास्तव मोठे दिसतात. दोन सिंहांचे छायाचित्र असेल, तर दोघांची कॅमेऱ्यापासूनची अंतरे सारखी असल्याखेरीज त्यातून काही ठरविणे व्यर्थ होय. अंतर मोजून घेतलेल्या, बाजूने टिपलेल्या छायाचित्रावरून मात्र खांद्याची उंची बऱ्यापैकी काढता येते. तोच प्राणी पुन्हा ओळखण्यासाठी मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांची मांडणी उपयोगी पडते. ही पद्धती सी. जे. पेनीक्विक व जे. रुड्नाई यांनी १९७० मध्ये मांडली.

सर्वांत फसविणारी गोष्ट म्हणजे आयाळ. तिच्यामुळे छाती खोल व मान जाड भासते. पी. एम्. वेस्ट व क्रेग पॅकर यांनी २००२ मध्ये दाखविले, की आयाळीचा गडदपणा पोषण व टेस्टोस्टेरॉन या हॉर्मोनाच्या प्रमाणाशी निगडित असतो; उष्ण हवेत आयाळ तोकडी व फिकट राहते. तेव्हा आयाळ प्रकृतीची व हवामानाची निदर्शक आहे, हाडापेराची नव्हे. त्साव्होचे ते दोन्ही नर जवळजवळ आयाळहीन होते. गीरच्या नराची आयाळ आफ्रिकी नराहून विरळ असून कान बहुधा उघडे दिसतात. तो प्रत्यक्षात असतो त्याहून लहान वाटतो, याचे हे एक कारण आहे.

वय : आकारावरून वय ओळखण्याची चूक सिंहांना महाग पडते. चार वर्षांचा नर जवळजवळ पूर्ण वाढलेला दिसतो. परंतु कळपावर ताबा मिळवून पिलांना वाढविण्याइतका काळ त्याला अजून मिळालेला नसतो. कळपातील नर मारला गेला, की नवे नर येऊन बहुधा आधीची लहान पिले मारून टाकतात. के. व्हिटमन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सेरेंगेटीतील दीर्घकालीन नोंदींच्या आधारे असे दाखविले, की शिकार पाच-सहा वर्षांवरील नरांपुरती मर्यादित ठेवल्यास समूहाची संख्या घटत नाही. वयासाठी त्यांनी नाकाच्या शेंड्यावरील काळेपणा हे लक्षण सुचविले. पाचव्या वर्षाच्या सुमारास तो निम्म्या भागावर पसरलेला असतो. हे प्रमाण सर्व प्रदेशांत एकसारखे नाही. टांझानियात व मोझँबीकमधील नियासा राखीव क्षेत्रात सहा वर्षांची मर्यादा स्वीकारण्यात आली.

प्रादेशिक तुलना : एकोणिसाव्या शतकात काळ्या आयाळीचा व मोठ्या अंगाचा म्हणून केप सिंह, तसेच उत्तर आफ्रिकेतील बार्बरी सिंह, असे वेगळे प्रकार मानले गेले. दोन्ही ठिकाणचे वन्य समूह नष्ट झाले असून बार्बरी सिंहाच्या प्रचंड वजनाच्या कथांना तोललेल्या नमुन्यांचा आधार नाही. थंड हवेतील प्राणिसंग्रहालयांत इतर प्रदेशांतील सिंहांनाही तशीच दाट आयाळ येते. २०१७ च्या वर्गीकरणात आशिया, पश्चिम, मध्य व उत्तर आफ्रिका येथील सिंह पँथेरा लिओ लिओ ह्या एकाच उपजातीत आणि पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील सिंह पँथेरा लिओ मेलॅनोकायटा ह्या उपजातीत घालण्यात आले. ह्या विभागणीचा मुख्य आधार आनुवंशिक आहे, आकार नव्हे.

गीरच्या सिंहांची संख्या २०२० मध्ये ६७४ व २०२५ मध्ये ८९१ नोंदली गेली. त्यांची मापे आफ्रिकी मापांशी ताडताना नमुन्याची संख्या, प्राण्याचे वय व पोटाची स्थिती ही तिन्ही सोबत दिलेली असली पाहिजेत (→ सिंह).