लेजरचे पहिले पान

नव्या लेजरचे कोरे, गुळगुळीत पहिले पान पाहून त्यावर काहीतरी लिहावेसे वाटणे हा मनुष्यस्वभावच म्हणावा लागेल. परंतु तेथे चक्क विनोदी लेख लिहून काढण्याचे धाडस फार थोड्या बँक कर्मचाऱ्यांच्या हातून घडले असेल. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवरील हाँगकाँग अँड शांघाय बँकेत एका तरुण कारकुनाने ते केले. भानावर आल्यावर त्याने ते पान कापून टाकले. पुढे पान नाहीसे झाल्याचे मुख्य रोखपालाच्या ध्यानात आले, त्याने स्टेशनरी पुरविणाऱ्यांना धारेवर धरले आणि अखेर संशयाची सुई योग्य व्यक्तीपर्यंत पोचली. ती व्यक्ती म्हणजे पी. जी. वुडहाउस. हा किस्सा त्यांनी स्वतःच उतारवयात सांगितला असल्याने त्यात थोडे मीठमसाल्याचे प्रमाण वाचकांनी गृहीत धरावे.

वुडहाउस बँकेत आले ते स्वेच्छेने नव्हे. आणि त्यात आपल्या रुपयाचाही हात होता. वडील हाँगकाँगमध्ये न्यायाधीश होते व त्यांचे निवृत्तिवेतन रुपयांत मिळे. रुपया तेव्हा चांदीशी बांधलेला होता. चांदीचा भाव कोसळत गेला आणि १८७० च्या सुमारास जवळजवळ दोन शिलिंगांचा असलेला रुपया शतकाअखेरीस एक शिलिंग चार पेन्सांवर येऊन ठेपला. दोन मुलांना ऑक्सफर्डला धाडणे अवघड झाले. थोरला आर्मिन शिष्यवृत्तीच्या बळावर गेला (हाच पुढे काशीच्या सेंट्रल हिंदू कॉलेजात आला), तर धाकट्याच्या वाट्याला सप्टेंबर १९०० मध्ये बँकेचा डेस्क आला.

टपाल, मुदत ठेवी, आवक बिले, जावक बिले, रोख असे एकेक विभाग त्यांनी पाहिले आणि त्यांच्याच कबुलीनुसार कोणत्याही विभागाचे काम त्यांना नीटसे उमगले नाही. दिवस संपण्याची ते वाट पाहत. चेल्सीमधील भाड्याच्या खोलीत परतले, की लेखन सुरू होई. गालगुंडाने आजारी पडून घरी गेले असता तीन आठवड्यांत एकोणीस कथा लिहिल्या. संपादकांनी त्या साऱ्या परत केल्या! तथापि बँकेतील दोन वर्षांत नऊ नियतकालिकांतून त्यांचे ऐंशी लेख व कथा प्रसिद्ध झाल्या. बँकेचे हिशेब न उमगणाऱ्या या गृहस्थांनी लेखनातून मिळालेल्या पैशांची वही मात्र काटेकोरपणे ठेवली होती. तिच्यातील आरंभीची नोंद शाळेत असतानाची, फेब्रुवारी १९०० मधील आहे : खेळातील कर्णधारपदावरील निबंधास साडेदहा शिलिंग.

हा विषय योगायोगाने निवडलेला नव्हता. वुडहाउस हे आधी क्रीडावेडे आणि मग लेखक. डलिच शाळेच्या पहिल्या क्रिकेट संघात ते गोलंदाज होते, बँकेच्या संघातूनही खेळले. नोकरी, लेखन आणि खेळाचे वेड यांच्यात वेळेची ओढाताण झाली असेलच. परंतु त्यांच्या बाबतीत वेडाने लेखनाचा वेळ खाल्ला नाही, उलट त्याला विषय पुरविला.

याची साक्ष ‘स्मिथ इन द सिटी’ ही १९१० ची कादंबरी देते. तिच्यातील माइकची बँक म्हणजे लोम्बार्ड स्ट्रीटच. भावी मॅनेजरसाहेब सामना चालू असताना गोलंदाजाच्या मागून चालत जातात आणि माइक अठ्ठ्याण्णव धावांवर बाद होतो. क्रिकेटप्रेमी वाचक त्या साहेबांना पुढे कधीही क्षमा करीत नाही. टपाल विभागाचे प्रमुख रॉसिटर तर मँचेस्टर युनायटेडचे निस्सीम भक्त. १९०८ मध्ये या संघाने प्रथमच लीग जिंकली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचा उत्साह समजतो. साहेबांची ही दुखरी-हळवी नस ओळखून स्मिथ फुटबॉलचा अभ्यास करतो आणि त्यांना सहज आपलेसे करतो. ही युक्ती आजही कोणत्या शाखेत चालत नसेल? आणि माइक? लॉर्ड्सवर भावाच्या संघाला एक गडी कमी पडला म्हणून तो कामाच्या दिवशी बँक सोडून निघून जातो व शतक झळकावतो.

प्रत्यक्षातील निर्णय इतका नाट्यमय नव्हता, पण कठीण होता. लंडनमध्ये तयार झालेल्या उमेदवारांची पूर्वेकडील शाखांत रवानगी होत असे आणि ती वेळ जवळ येत चालली होती. सप्टेंबर १९०२ मध्ये ‘ग्लोब’ या वृत्तपत्राने आपल्या विनोदी सदरासाठी बोलावले. काम अवघ्या पाच आठवड्यांचे, रजेवरील लेखकाच्या जागी. एका बाजूला आयुष्यभराची नोकरी, दुसऱ्या बाजूला पाच आठवडे. त्याच महिन्यात त्यांची पहिली कादंबरी ‘द पॉटहंटर्स’ ग्रंथरूपाने निघाली. तीही शालेय खेळांच्या पार्श्वभूमीवरील! वुडहाउस यांनी बँकेचा राजीनामा दिला.

क्रिकेटला मात्र त्यांनी सोडले नाही. आर्थर कॉनन डॉइल यांच्यासमवेत ते लेखकांच्या संघातून खेळले. १९१३ मध्ये चेल्टनहॅमच्या मैदानावर त्यांनी वॉरिकशायरच्या पर्सी जीव्हज या खेळाडूचा खेळ पाहिला. दोन वर्षांनी एका कथेतील सेवकासाठी नाव शोधताना त्यांना तेच आठवले. पर्सी जीव्हज १९१६ च्या जुलै महिन्यात सोमच्या रणांगणावर मारला गेला. त्याच्या नावाचा सेवक पुढे जवळजवळ साठ वर्षे वुडहाउस यांच्या कथा-कादंबऱ्यांतून वावरत राहिला.