राखणीची बंदूक आणि तिचा वारस

दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यात भात कापणीला येतं आणि राखणीची जागरणंही वाढतात. इथल्या घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा सुवास जगाला आवडतो, तसंच उभं पीक गव्यांना आणि रानडुकरांनाही आवडतं. गेल्या दोन दशकांत त्यांत हत्तीची भर पडली. माळ्यावर रात्र काढणाऱ्याकडे डबा असतो, बॅटरी असते, फटाके असतात. काही घरांत अजून एक वस्तू असते, ती म्हणजे आजोबांच्या नावची ठासणीची बंदूक.

आजोबा गेले की जमिनीला वारसनोंद लागते, फेरफार होतो, सातबाऱ्यावर नावं चढतात. बंदुकीचं तसं होत नाही. ती कुणाकडे जावी, हा प्रश्न बहुतेक घरांत तेराव्यानंतरच निघतो आणि तोवर उशीर झालेला असतो. या बंदुकीचा वारस राखण करणाराच असावा, असं माझं मत आहे. या भागाचा इतिहासही तेच सांगतो आणि कायद्याचा रोखही तिकडेच आहे.

आधी ही वस्तू नीट पाहू. लांब नळी, लाकडी दस्ता, नळीखाली खोचलेला गज. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू मापाने नळीच्या तोंडातून ओतायची, वर काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायची, मग छर्रे आणि पुन्हा बोळा. मागच्या बाजूच्या छोट्या बोंडावर केप बसवायची आणि घोडा ओढायचा. आघाताने पेटणाऱ्या स्फोटकाने बार काढण्याच्या पद्धतीचं पेटंट अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये घेतलं. पुढे त्यातूनच केप आली. बार काढल्यावर नळीत राहिलेली काजळी हवेतली ओल ओढते. गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात फिरवला नाही, तर आजऱ्याच्या पावसात नळी गंजायला वेळ लागत नाही. म्हणजे बंदूक वारशात मिळते तेव्हा तिची निगा राखायची शिस्तही सोबत यावी लागते.

अमेरिकेत अशी घरोघरची वडिलोपार्जित बंदूक म्हटली की लिव्हरची रायफल आठवते. १८७३ ची विंचेस्टर किंवा जॉन ब्राउनिंगने आखलेलं १८९४ चं मॉडेल. चापाभोवतीची कडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, वर घेतली की नवं आत बसतं. आजऱ्यातल्या शेतकऱ्याला मात्र प्रत्येक बारानंतर पुन्हा पहिल्यापासून ठासावं लागतं. दोन्ही बंदुकींचा वारसा वेगळा असण्याचं कारण मात्र यंत्रात नाही, राज्यकर्त्यांच्या धोरणात आहे.

कोल्हापूर संस्थानाच्या काळात आजरा इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरीत होता. शेजारी गडहिंग्लजजवळ सामानगड आहे. कोल्हापूर राज्यातल्या गडांवर गडकऱ्यांची वंशपरंपरागत शिबंदी असे. गड राखायचा आणि त्याबदली नेमून दिलेली जमीन खायची, असा तो व्यवहार होता. इंग्रजांनी नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांच्या काळात या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे गेली आणि १८४४ मध्ये सामानगडापासून गडकऱ्यांचं बंड पेटलं. इंग्रजी फौजेने ते मोडलं, गडांची तटबंदी पाडली आणि वंशपरंपरेची शिबंदी संपवली. हत्यार, जमीन आणि राखण या तीन गोष्टी तोवर एकाच घरात नांदत होत्या. त्या तिथून सुटत गेल्या.

१८५७ च्या जुलैअखेर कोल्हापुरात पलटण उठली, डिसेंबरात पुन्हा उठाव झाला. पाठोपाठ दक्षिण महाराष्ट्रात हत्यारं काढून घेण्याची मोहीम निघाली. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या राजवटीत ब्रिटिश मुलखासाठी हत्यारांचा कायदा आला आणि हत्यार ही सरकारी परवान्याची गोष्ट झाली. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं आणि इथेही देशाचाच कायदा आला. आजचा शस्त्र कायदा १९५९ चा.

या कायद्याच्या तेराव्या कलमात शेतकऱ्यासाठी एक महत्त्वाची तरतूद आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला, अपात्रतेचं कारण नसेल तर, परवाना द्यावा, असं ते सांगतं. रायफलीला ही सवलत नाही, तिच्यासाठी सबळ कारण पटवून द्यावं लागतं. गडकऱ्यांच्या बाबतीत तुटलेलं नातं इथे लहान रूपात पुन्हा जुळलेलं दिसतं. शेत आहे, राखण आहे, म्हणून हत्यार आहे.

वारशाची वाट २०१६ च्या शस्त्र नियमांतल्या पंचविसाव्या नियमात आहे. परवानाधारक वारल्यावर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो. हयातीतही, वय ७० झालं किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली, की तो आपला वारस सुचवू शकतो. पोलिसांची चौकशी आणि पात्रता मात्र चुकत नाही, वय २१ पूर्ण लागतं. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षं केली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त २ हत्यारांची मर्यादा घातली. ही मर्यादा वारशाने आलेल्या हत्यारांनाही लागू आहे.

धारक वारला की बंदूक घरात ठेवून चालत नाही. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. ठरल्या मुदतीत वारसाने परवाना मिळवला किंवा ती रीतसर विकली नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते. आढ्याला बंदूक तशीच टांगून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि तो नकळत शोकातल्या कुटुंबाच्या माथी येतो.

आजऱ्यातली खरी अडचण याच्याही पुढची आहे. इथली कित्येक माणसं मुंबई-पुण्यात पोटाला लागली. रिवाजाने थोरल्याचं नाव पुढे येतं, आणि थोरला असतो मुंबईला. शेत कसते, रात्री शेतातला आवाज ऐकून दार उघडते ती घरातली बाई, नाहीतर गावी राहिलेला धाकटा. पत्नी आणि मुलगीही कायदेशीर वारस आहेत, हे किती घरांत विचारात घेतलं जातं? पीकसंरक्षणाचा परवाना शेतावर नसलेल्या माणसाच्या नावाने घेतला, तर त्याचा हेतूच हरवतो.

हा वारसा घेताना मर्यादाही घ्यावी लागते. गवा आणि हत्ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शेतात शिरले म्हणून त्यांच्यावर गोळी चालवता येत नाही. रानडुकरासाठीही वनखात्याची परवानगी लागते. वर्षाच्या कष्टाचं पीक एका रात्रीत आडवं झालेल्या शेतकऱ्याचा संताप खरा आहे. पण त्यावरचं उत्तर वेळेवर पंचनामा, पुरेशी भरपाई आणि टिकाऊ कुंपण हेच आहे. हत्तीपुढे ठासणीची बंदूक रोखणं म्हणजे राखणदाराने स्वतःचाच जीव धोक्यात घालणं.

शेजारच्या कर्नाटकात कोडगू जिल्ह्यातल्या कोडव समाजाला परवान्यातून सूट आहे आणि २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तिथे कैलपोळ्दू सणाला हत्यारांची पूजा होते. आपल्याकडे सूट नाही, पण खंडेनवमीला आपणही शस्त्रं पुजतो. त्या पुजेइतकंच महत्त्व कागदाला द्यायला हवं.

दिवाळीला चाकरमानी गावी येतात, भावंडं एकत्र बसतात. वडील हयात आहेत, हात कापत नाही, सही होते, तोवरच त्यांना विचारा: राखण कोण करणार? त्याचं किंवा तिचं नाव पुढे करा, इतरांची संमती लेखी घ्या. कुणीच करणार नसेल, तर बंदूक रीतसर जमा करा किंवा विका. त्याआधी जुन्या परवान्याच्या पुस्तिकेची नक्कल घरात ठेवा आणि ती बंदूक घरात कशी आली हे वडिलांकडून लिहून घ्या. लोखंड सोडून द्यावं लागलं तरी या घराने शेत कसं राखलं, हे पुढच्या पिढीला कळलंच पाहिजे.